आजीची आगबोट

आमच्या आजीची मुंबई बोरीबंदरावर नव्हे, भाऊच्या धक्क्यावर सुरू व्हायची. मालवणला किनाऱ्यापासून दूर उभ्या राहणाऱ्या आगबोटीपर्यंत पडावातून जायचं, तांडेलाच्या हाताला धरून वर चढायचं आणि देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, जयगड अशी बंदरं घेत मुंबई गाठायची. आजीला बोट लागायची. तोंडात आवळासुपारी आणि मांडीवर उकड्या तांदळाचं, कुळथाच्या पिठीचं, सोलांचं बोचकं घेऊन ती रात्र काढायची.

म्हणून मुंबईची ही धक्क्याकडची बाजू पाहायची तर मी बॅलार्ड पिअरहून निघतो आणि पी. डिमेलो रस्त्यानं उत्तरेकडे चालत राहतो. बॅलार्ड इस्टेटीच्या देखण्या इमारती भरावावर उभ्या आहेत. अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आताची इंदिरा गोदी, खणताना निघालेली माती तिथं टाकली होती. पुढं कर्नाक बंदर, मशीद बंदर, वाडीबंदर. उजव्या हाताला गोदीची लांबच लांब भिंत. आजोबा त्या भिंतीआड टॅली क्लार्क होते. आलेली-गेलेली पोती मोजून मांडायची, हे त्यांचं काम.

व्हिक्टोरिया गोदीच्या अंगाला आलं की पाय आपोआप मंदावतात. १४ एप्रिल १९४४, दुपारचे चार वाजून गेलेले. ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीत सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि त्यांच्याच सोबत कापसाच्या हजारो गासड्या. कापूस धुमसत राहिला आणि बोट उडाली. अर्ध्या तासानं पुन्हा. पेटत्या गासड्या वस्तीवर पडल्या. बोटीत सोन्याच्या विटाही होत्या. त्यातली एक कुणा पारशी गृहस्थाच्या घरात येऊन पडली आणि त्यांनी ती परत केली. आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो त्यांच्यासाठी.

आजी तेव्हा डोंगरीच्या चाळीत चुलीपुढं होती. जपानी आले, असा ओरडा झाला. आढ्यावरची माती पेजेत पडली, तरी पोरांना तीच गाळून दिली, असं ती सांगायची. आजोबा त्याच रात्री काळेठिक्कर होऊन परतले, हे तिचं म्हणणं. मोठे काका म्हणायचे, तिसऱ्या दिवशी. काका तेव्हा सहा-सात वर्षांचे असावेत. वाट पाहणाऱ्या पोराला एक रात्रही तीन दिवसांची वाटली असेल. मी कुणाचंच खोडत नाही.

भाऊचा धक्का माझगावाच्या पुढं. हा भाऊ म्हणजे पाठारे प्रभूंतले लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. पहाटे गेलात तर मासळीचा लिलाव, बर्फाचा चुरा, कोळणींचा आवाज. रेवसची लाँच अजून इथूनच सुटते, आणि शेजारून मांडव्याला मोटारी नेणारी रो-रो.

याच धक्क्यावरून १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ बोट रेवसला निघाली आणि वाटेत बुडाली. आषाढ अमावस्या, गटारी. माणसं सणाला घरी निघालेली. सहाशेहून अधिक बुडाली. त्यांत आजोबांच्या गोदीतलेही कुणी असावेत, कारण पुढं कैक वर्षं आमच्याकडे गटारीला चुलीवर मासळी चढली नाही. आजी त्या दिवशी नुसती आमटी करायची. का, ते आम्ही पोरं विचारत नसू.

आजोबांनी मग एसटीचा आग्रह धरला. आजी एकदाच गेली आणि पुढल्या खेपेला पुन्हा आगबोटीचंच तिकीट मागू लागली. म्हणाली, “घाटात गाडी लागता, दर्यात बोट लागता. दर्यात निदान वारो तरी गावता!”