स्तन व अंडाशयाचा कर्करोग : आनुवंशिक व रेणवीय आधार

या दोन्ही कर्करोगांचे मूळ जनुकांतील बिघाडात असते. मात्र बिघाड जनुकीय असणे आणि तो वारशाने येणे या वेगळ्या बाबी होत. बहुतेक रुग्णांत ही उत्परिवर्तने एखाद्या पेशीत आयुष्यभरात साचत जातात व मुलांकडे जात नाहीत. वारशाने आलेल्या उत्परिवर्तनाचा वाटा स्तनाच्या कर्करोगात साधारण ५ ते १० टक्के, तर अंडाशयाच्या कर्करोगात त्याहून अधिक आहे. त्यांत बीआरसीए १ व बीआरसीए २ ही जनुके प्रमुख. पहिले १७ व्या गुणसूत्रावर असल्याचे मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवले व १९९४ मध्ये ते हाती लागले. १३ व्या गुणसूत्रावरील दुसऱ्याची ओळख १९९५ मध्ये पटली. डीएनएचे दोन्ही पेड तुटल्यास ते बिनचूक सांधण्याच्या कामात या जनुकांची प्रथिने लागतात. एक सदोष प्रत जन्मतः मिळालेल्या व्यक्तीत दुसरी प्रत शाबूत असेपर्यंत पेशीचे भागते. तीही गेली की चुका झपाट्याने वाढतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाच्या कर्करोगाचा धोका बीआरसीए १ धारक स्त्रियांत ७२ टक्के व बीआरसीए २ धारकांत ६९ टक्के, तर अंडाशयाचा अनुक्रमे ४४ व १७ टक्के आढळला. हे आकडे मुख्यतः पाश्चात्त्य कुटुंबांवरून काढलेले आहेत.

एखादा रोग घराण्यात दिसला म्हणजे तो आनुवंशिक, हे समीकरण दोन्ही बाजूंनी लंगडे आहे. पहिली बाजू महाराष्ट्रातील संशोधनाच्या इतिहासातच सापडते. कमल रणदिवे (१९१७–२००१) या मूळच्या पुण्याच्या. सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी-आनुवंशिकीवर एम.एस्‌सी. केल्यावर त्या मुंबईत वि. रा. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली कर्करोग संशोधनाकडे वळल्या आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. उंदरांच्या वाणांवर काम करून त्यांनी स्तनाचा कर्करोग, संप्रेरके व विषाणू यांचा परस्परसंबंध तपासला. काही वाणांत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या आईकडून पिलांकडे जाताना दिसे. पण त्यातला मोठा भाग आईच्या दुधातून जाणाऱ्या विषाणूचा होता, हे जॉन बिटनर यांच्या १९३६ च्या प्रयोगांपासून उलगडत गेले. मानवी स्तनाच्या कर्करोगात असा विषाणू सिद्ध झालेला नाही. तरीही एका घरातील माणसे जनुकांबरोबर आहार, बाळंतपणाचे वय आणि स्तनपानाची रीतही वाटून घेतात, हा धडा त्या उंदरांनी दिला.

दुसरी बाजू अधिक दुर्लक्षित आहे : वारसा असूनही तो घराण्यात दिसत नाही. ‘घरात आणखी कुणाला कॅन्सर होता का?’ असे नागपूरच्या बाह्यरुग्ण विभागात विचारल्यावर ‘कोणालेच नाही जी’ हे उत्तर आले, तरी तेवढ्याने वारसा नाही असे ठरत नाही. विवाहित स्त्री बहुधा सासरचे सांगते. सदोष प्रत वडिलांकडूनही येते. वडील निरोगी राहतात आणि आत्या लग्न होऊन दूर गेलेली असल्याने तिचा आजार हिशेबात येत नाही. ‘पोटात पाणी झाले होते’ एवढीच आठवण उरलेल्या आजीला अंडाशयाचा कर्करोग असू शकतो. ऑस्ट्रेलियातील १००१ रुग्णांच्या २०१२ मधील पाहणीत अंडाशयाचा कर्करोग झालेल्या धारक स्त्रियांपैकी ४४ टक्के जणींच्या कुटुंबात या रोगांचा इतिहास नव्हता. कुटुंबे लहान असली की हे आणखी संभवते. घराण्यात इतिहास नसलेल्या रुग्णांचीही जनुकीय चाचणी करण्यावर खर्चाचा आक्षेप घेतात, तो अगदीच गैरलागू नाही. सरसकट सर्व स्त्रियांची चाचणी करावी असे येथे म्हणायचेही नाही. पण आधी रुग्णाची तपासणी करून दोष सापडला, तर नातेवाइकांत तेवढाच एक बदल शोधावा लागतो आणि ते काम स्वस्तात होते. अर्थ न लागणारे बदल सापडतात, हा आक्षेप मात्र खरा. त्यावर उपाय स्थानिक जनुकीय नोंदी वाढवण्याचाच. चाचणी टाळल्याने त्या बदलांचा उलगडा कधीच होणार नाही.

मामाच्या मुलीशी लग्नाची चाल महाराष्ट्रातील अनेक जातींत आहे. त्यामुळे या कर्करोगाचा वारसा वाढतो असे नव्हे, कारण त्याला एकच सदोष प्रत पुरते. परंतु नवरा-बायको दोघेही बीआरसीए २ चे धारक असल्यास प्रत्येक अपत्याला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता चारात एक असते, आणि अशा बालकांत फॅन्कोनी रक्तक्षय हा गंभीर विकार उद्भवू शकतो.

नागपूरची लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९८० मध्ये, मुंबई (१९६३), पुणे व औरंगाबादच्या पाठोपाठ सुरू केली. अवयव, वय व निदान यांच्या अशा नोंदींतून वारशाने आलेले उत्परिवर्तन कळत नाही. भारतातील १०१० निवडक रुग्णांच्या २०१८ मधील बहुजनुकीय पाहणीत सुमारे ३० टक्के जणांत दोष आढळला. हे रुग्ण मुळातच संशयावरून चाचणीला पाठवलेले होते, म्हणून हा आकडा सर्वसाधारण रुग्णांना लावता येत नाही.

अंडाशय : सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराचा उगम पुष्कळदा बीजवाहिनीच्या टोकाशी होतो, असे आता मानतात, त्यात टीपी ५३ हे जनुक जवळजवळ नेहमी बिघडलेले असते.

पुरुष : बीआरसीए २ धारकांत स्तनाच्या व पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

उपचार : पार्प या दुरुस्तीच्या विकराला रोखणारी (पार्परोधक) औषधे डीएनए दुरुस्तीची उरलेली वाटही अडवतात, सांधणी आधीच बंद पडलेल्या कर्कपेशी त्यामुळे मरतात. ओलापारिबला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली.