तिजोरी रिकामी का आहे? शिकागोच्या शिक्षिकांनी मागितलेला हिशेब

'शिक्षकांना सक्षम करा' असं आपण सारखं ऐकतो. मग काय, एक प्रशिक्षण, एक भाषण, शिक्षकदिनाला गुलाबाचं फूल, झाले शिक्षक सक्षम! पण शिक्षकाला बळ खरंच कशाने येतं? त्यासाठी आज आपण सव्वाशे वर्षं मागे, अमेरिकेतल्या शिकागोला जाऊया.

तिथल्या प्राथमिक शाळांत शिकवायच्या मुख्यतः बायका. वर्गात पन्नास-साठ मुलं, त्यातली कितीतरी परदेशातून आलेल्या कुटुंबांची, घरी वेगळीच भाषा. काय आणि कसं शिकवायचं, ते वरून ठरून यायचं. १८९७ मध्ये या बायकांनी 'शिकागो टीचर्स फेडरेशन' ही संघटना काढली. पुढच्या वर्षी पगारवाढ मिळाली, पण थोड्याच काळात शिक्षण मंडळाने ती काढूनही घेतली. कारण काय, तर तिजोरीत पैसे नाहीत!

आता खरी गंमत ऐका. कत्तलखान्यांच्या वस्तीत सहावीला शिकवणाऱ्या मार्गारेट हेली आणि त्यांच्या सहकारी कॅथरिन गॉगिन यांनी ठरवलं, पैसे का नाहीत तेच शोधू. कागदपत्रं उपसल्यावर कळलं की ट्राम, गॅस, वीज, टेलिफोनच्या कंपन्या शहराचे रस्ते वापरतात, पण त्या परवान्यांच्या किमतीवरचा कर भरतच नाहीत. शिक्षिका कोर्टात गेल्या. १९०१ मध्ये इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कर जमा झाला, तर मंडळाने आपल्या वाट्याचा पैसा कोळसा आणि दुरुस्तीकडे वळवला. बाई पुन्हा कोर्टात, आणि १९०४ मध्ये पुन्हा जिंकल्या. लक्षात घ्या, या बायकांना महापौर निवडायला मत देण्याचा हक्क १९१३ पर्यंत नव्हता.

१९०४ मध्येच सेंट लुईसच्या शिक्षक अधिवेशनात हेलीबाईंनी शिक्षक कशाने खचतो ते मांडलं: तुटपुंजा पगार, नोकरीची शाश्वती नाही, खच्चून भरलेले वर्ग, आणि कारखान्यातल्या मजुरासारखं हुकुमावर चालणं. १९०९ मध्ये शहराच्या शाळांची सूत्रं एला फ्लॅग यंग यांच्याकडे आली. अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या शहरात या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. शाळा कशी चालावी यावर शिक्षकांनी आपल्या परिषदांमध्ये बोलावं, हा त्यांचा आग्रह.

शेवट मात्र गोड नाही. १९१५ मध्ये मंडळाने संघटनेच्या सदस्यत्वावरच बंदी घातली आणि पुढच्या वर्षी ६८ शिक्षकांना घरी बसवलं. १९१७ मध्ये कायद्याने नोकरीला संरक्षण दिलं, पण संघटनेला कामगार चळवळीशी असलेलं नातं तोडावं लागलं.

मला यातून एवढं कळतं: या बायकांना धीट व्हा असं कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी हिशेब पाहिला, एकत्र आल्या, आणि बळ आलं. ते काढून घ्यायला नोकरीची भीती पुरेशी ठरली.

म्हणून पुढच्या वेळी कुणी शिक्षकांच्या सक्षमीकरणावर बोललं, की विचारा: वर्गात मुलं किती? नोकरी कायम आहे का? निर्णय घेताना शिक्षकांना विचारता का?