आजी दवाखान्याला का भिते

जेऊरला आमच्या आजीपुढं सरकारी दवाखान्याचं नाव काढलं की ती म्हणते, "तितं गेलं की आपलं आंग आपलं ऱ्हात न्हाई." आपले कार्यकर्ते याला अडाणीपणा म्हणतात. मीही म्हणायचो. एकदा चिडून विचारलं, तर म्हणाली, "तुजा आजा तीन राती ज्वारीत झोपला हुता, तवा तू कुटं हुतास?"

मग पाळी सुटल्यावर जुने कागद वाचू लागलो. म्हातारीच्या भीतीला साल निघालं.

जानेवारी १९७६. आणीबाणी. आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीत दहा दिवसांत हजार नसबंद्यांचा कोटा. पहिले दोन दिवस कुणी फिरकलं नाही. मग नगरपालिकेच्या कचऱ्याच्या दोन गाड्या निघाल्या आणि रस्त्यावरची माणसं शेकड्यांनी उचलली. कचऱ्याच्या गाडीत माणसं, दुसरी गाडी मिळाली नाही! त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अडलं.

आता अडतीस वर्षं मागं चला. १० नोव्हेंबर १९३८, मुंबई विधानसभा. स्वतंत्र मजूर पक्षाचा ठराव: संततिनियमनाचा प्रचार करा, सरकारनं सोयी पुरवा. बाबासाहेब त्या दिवशी येऊ शकले नाहीत, पी. जे. रोहम यांनी ठराव मांडला. सक्तीची गोष्टच नव्हती. बाळंतपणात झिजणाऱ्या बाईच्या जिवाची होती. (र. धों. कर्वे १९२१ पासून हेच सांगत होते. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनीच घेतलं होतं.) बाजूनं ११, विरुद्ध ५२. ठराव पडला.

मागितलं तेव्हा दिलं नाही. नको होतं तेव्हा धरून केलं.

हे सगळं जुनं झालं म्हणाल, तर २०१९ बघा. बीडच्या ऊसतोड बायांची सरकारी समितीनं पाहणी केली. ८२ हजारांवर बायांमध्ये १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली. बहुतेक ऑपरेशनं खाजगी दवाखान्यांत. पाळीत अंग मोडून आलं तरी खाडा करता येत नाही, खाड्याला दंड, डोक्यावर मुकादमाची उचल. वर डॉक्टर सांगतो, ठेवलीस तर कॅन्सर होईल. आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांवर येणाऱ्या कोयत्यांतही या बाया असतात. आपण त्यांच्या खोप्यांवरून मोटारसायकल दामटत सभेला जातो.

येत्या रविवारी जेऊरला बैठक आहे. भाषण कुणी तयार करू नका. आजी बोलणार आहे, शेजारच्या चौघीजणी बोलणार आहेत. मी दोन कोऱ्या वह्या आणतोय, लिहून घ्यायला कुणीतरी या.