आलेख ३ ते ६ मधील रंगांविषयी

१२. पांझराकाठच्या फडपद्धतीत बंधाऱ्याखालचे लाभक्षेत्र बहुधा तीन-चार फडांत विभागलेले असते. एका फडात हंगामाला एकच पीक, आणि पुढच्या वर्षी ते पीक दुसऱ्या फडात जाते. म्हणून येथे रंग फडाला नव्हे, पिकाला दिला आहे. ऊस कुठल्याही फडात गेला तरी हिरवाच राहील.

लेखकाने हे आलेख पायथॉन भाषेतील मॅटप्लॉटलिबने काढले आणि रंग त्याच्यावरच सोडले होते. २०१७ च्या २.० आवृत्तीपासून मॅटप्लॉटलिब निळा, नारिंगी, हिरवा, लाल अशा ठरल्या क्रमाने दहा रंग वाटते. अकराव्या मालिकेला पुन्हा निळा. पिकाशी त्याला देणेघेणे नाही, जी मालिका आधी आली ती निळी. त्यामुळे एका आलेखात गहू निळा, तर पुढच्यात ऊस! आता पीक आणि रंग यांची जोडयादी एकदाच लिहून प्रत्येक मालिकेचा ‘कलर’ तिच्यातून घेतला आहे.

लाल-हिरव्यातला फरक न जाणवणारे वाचक (यांत पुरुष अधिक) अडू नयेत म्हणून ओकाबे व इतो या जपानी अभ्यासकांनी सुचवलेल्या आठ रंगांतूनच निवड केली. त्यातला पिवळा पांढऱ्या कागदावर विरतो, तो वगळला. लेखकाला तो ज्वारीसाठी हवा होता, पण वाचता येणे महत्त्वाचे.

आलेख ६ मधील राखाडी पट्टा म्हणजे पांझरेच्या उत्तर काठावरचे देवपूर. तेथे आता धुळे शहराची वस्ती आहे. पीक नाही, म्हणून रंगही नाही.