देऱ्याचे लाकूड आणि सुतार पक्षी

दुबईच्या खाडीकाठी वसलेल्या देऱ्याला स्वतःचे जंगल कधीच नव्हते. खजुरीच्या बागा, खाऱ्या चिखलातली तिवरे आणि आतल्या वाळवंटातला घाफ, म्हणजे आपली शमी, हीच इथली मुख्य झाडे. 1841 मध्ये पलीकडच्या बर दुबईत देवीची साथ आली आणि बरीच कुटुंबे खाडी ओलांडून देऱ्यात आली. त्यांची घरे झावळ्यांची होती. 1890च्या दशकात लागलेल्या आगीत देऱ्याची राख झाली. पुढे प्रवाळाच्या दगडांची घरे वाढली, पण छपराला लाकूड लागणारच होते.

ते पूर्व आफ्रिकेतून येई. केनियाच्या किनाऱ्यावरच्या लामूच्या परिसरातली कांदळाची सरळ खोडे गलबतांतून उतरत. आखातात त्यांना ‘चंदल’ म्हणतात. खोडाच्या लांबीवर खोलीची रुंदी ठरे, म्हणून जुन्या घरांतल्या खोल्या लांबट आणि अरुंद असत. 1912 मध्ये सुरू झालेल्या अल अहमदिया शाळेच्या इमारतीत ही बांधणी आजही पाहता येते. 1982 मध्ये केनियाने या खोडांची निर्यात थांबवली. तोवर देऱ्यात सिमेंट रुळले होते.

गलबतांच्या फळ्या मात्र सागाच्या, मलबारातून आलेल्या. हा व्यापार देऱ्याहून फार जुना आहे. समोरच्या इराणी किनाऱ्यावरच्या सिराफ बंदरात सागाची घरे असल्याची नोंद दहाव्या शतकातल्या भूगोलकार इस्तख्रीने केली आहे. अरबीतला ‘साज’ आणि मराठीतला ‘साग’ हे दोन्ही संस्कृत ‘शाक’ या शब्दाकडे जातात. लाकडाबरोबर त्याचे नावही समुद्रापार गेले.

हा साग जिथे वाढे, त्या सह्याद्रीत सुतार पक्ष्यांचे राज्य आहे. त्यांची बहुतेक कामे कीड लागलेल्या, वठलेल्या खोडांवर चालतात. दोन बोटे पुढे, दोन मागे अशी पकड, टेकूसारखी ताठ शेपटी आणि कवटीला वळसा घालणाऱ्या हाडांच्या आधाराने दूरवर बाहेर येणारी जीभ, या बळावर हा पक्षी सालीखालच्या अळ्या, मुंग्या आणि वाळवी टिपतो. ढोलीही तो स्वतः कोरतो. सहसा दर विणीला नवी ढोली होते आणि जुनी मोकळी पडते. तिथे राघू, पिंगळे, मैना, कधी खारी राहायला येतात. यांपैकी कोणालाही ताजे लाकूड कोरता येत नाही. म्हणून एका सुताराच्या जाण्याने अनेकांचा निवारा जातो.

व्यापाराला मात्र सरळ, निरोगी खोड हवे असते. जहाजबांधणीचे लाकूड कमी पडू लागल्यावर 1840च्या दशकात मलबारचे कलेक्टर कोनोली यांनी तिथल्या निलांबूरला सागाची लागवड सुरू केली. अशा लागवडीत झाड ठरल्या वयाला तोडतात. त्याला म्हातारे होऊन उभ्याउभ्या वठायला अवधी मिळत नाही. सह्याद्रीतल्या पांढऱ्या पोटाच्या मोठ्या सुताराला तर जाडजूड, जुनेच खोड लागते. तोडीचा खरा फटका इथे बसतो.

देऱ्याच्या बाजूला या कुळातला एकच पाहुणा येतो, मानमोडी. वसंतात आणि शरदात अमिरातीवरून जाताना तो जमिनीवर उतरून मुंग्या खातो. धोका दिसला की सापासारखी मान पिळतो. कुळाने सुतार असूनही तो ढोली कोरत नाही. उत्तरेकडच्या विणीच्या प्रदेशात तो तयार पोकळीच शोधतो. सह्याद्रीत सुताराच्या ढोलीवर अवलंबून असलेला राघू दुबईतही वसला आहे, आणि तिथे तो खजुरीच्या खोडांतल्या व इमारतींच्या भिंतींतल्या भोकांत अंडी घालतो.