अकरावीतच ‘रिसर्च पेपर’? उन्हाळी संशोधन कार्यक्रम निवडण्याआधी काय पाहायचं

गेल्या वर्षी फेब्रुवारीत नाशिकहून काकांचा फोन आला. “अगं, तू मीडियात आहेस ना, जरा बघ हे काय आहे.” मावसबहीण तेव्हा अकरावीत होती. इन्स्टाग्रामवरची जाहिरात पाहून तिने एक फॉर्म भरला, फोनवर दहा मिनिटांची ‘मुलाखत’ झाली आणि दुसऱ्याच दिवशी निवड झाल्याचं पत्र आलं. आठ आठवडे ऑनलाइन संशोधन, परदेशी विद्यापीठातला मार्गदर्शक आणि शेवटी स्वतःच्या नावाने छापलेला शोधनिबंध. फी १ लाख ८० हजार रुपये. जागा राखून ठेवायला त्यातले २५ हजार ४८ तासांत भरायचे.

काकांना एवढंच हवं होतं, हे खरं की खोटं? पण तसं एका शब्दात सांगता येईना. कंपनी अस्तित्वात होती, मार्गदर्शकही बहुधा खरेच असतील. प्रश्न होता तो या पैशांत पोरीला नेमकं काय मिळणार याचा. तिच्यासाठी केलेली शोधाशोध इथे मांडते आहे, कारण दर वर्षी जानेवारी उजाडला की अशा जाहिराती नववी ते बारावीच्या मुलांच्या फोनवर येऊन धडकतात.

ही कल्पना आली कुठून?

शाळकरी मुलांनी सुट्टीत संशोधन करायचं ही कल्पना प्रामुख्याने अमेरिकेतली. १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला आणि आपली मुलं विज्ञानात मागे पडत आहेत अशी धास्ती अमेरिकेने घेतली. त्याच काळात, १९५९ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या ओहाय गावात ‘समर सायन्स प्रोग्रॅम’ सुरू झाला. तो आजही चालतो, आणि तिथलं मूळ काम आजही ओळखू येईल असंच आहे. तीन-तीन मुलांचे गट दुर्बिणीतून पृथ्वीजवळच्या एखाद्या लघुग्रहाची छायाचित्रं घेतात, त्यावरून त्याची जागा मोजतात आणि स्वतः लिहिलेल्या संगणक प्रोग्रॅमने त्याची सूर्याभोवतीची कक्षा काढतात. यामागचं गणित गाउसचं. १ जानेवारी १८०१ रोजी पियाझीला सीरिस दिसला, पुढे तो सूर्याच्या उजेडात हरवला, आणि २४ वर्षांच्या गाउसने मोजक्या निरीक्षणांवरून तो पुन्हा कुठे दिसेल ते सांगितलं. त्याच पद्धतीने सोळा-सतरा वर्षांची मुलं आकडेमोड करतात आणि त्यांची निरीक्षणं मायनर प्लॅनेट सेंटर या जागतिक नोंदणी केंद्राकडे जातात. नंतर या कार्यक्रमात जीवरसायनशास्त्रासारखे विषयही आले.

दुसरं मोठं नाव म्हणजे ‘रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट’, म्हणजेच आरएसआय. १९८४ पासून चालणारा हा कार्यक्रम एमआयटीत होतो. दर वर्षी सुमारे १०० मुलं घेतली जातात. आधी काही दिवस वर्ग, मग एखाद्या संशोधकाच्या हाताखाली प्रत्यक्ष काम, शेवटी निबंध आणि सादरीकरण. शिकवण्याचे, राहण्याचे, जेवणाचे पैसे घेत नाहीत.

तिसरा प्रकार गणिताचा. अरनॉल्ड रॉस यांनी १९५७ मध्ये सुरू केलेला रॉस कार्यक्रम आणि त्याच वळणावर १९८९ मध्ये बोस्टन विद्यापीठात सुरू झालेला ‘प्रॉमिस’. इथे मुलं सहा आठवडे अंकशास्त्राची गणितं सोडवतात. गंमत म्हणजे नव्याने आलेल्या मुलाकडून इथे कुणी शोधनिबंधाची अपेक्षा करत नाही. शेकडो वर्षांपूर्वी सिद्ध झालेल्या गोष्टी त्याने स्वतःच्या डोक्याने पुन्हा शोधायच्या. म्हणजे जिथे खरंच खोलात शिरायला शिकवतात, तिथे ‘पेपर छापून देऊ’ हे आमिष नसतं. जाहिराती वाचताना हे डोक्यात ठेवलेलं बरं.

पैसे कोण कोणाला देतंय?

माझ्या मते पहिला प्रश्न हाच विचारावा. आरएसआयसारख्या ठिकाणी संस्था मुलांवर खर्च करते. समर सायन्स प्रोग्रॅमची फी आहे, पण घरच्या उत्पन्नानुसार ती कमी होते. रॉस आणि प्रॉमिसही फी घेतात, पण आर्थिक मदत देतात, आणि मुख्य म्हणजे फीचा विषय निघण्याआधी अर्जासोबत अवघड गणितं सोडवून पाठवावी लागतात. उत्तर अर्धवट असलं तरी चालतं, पण विचार कसा केला ते लिहावं लागतं. अशा ठिकाणी बहुसंख्य अर्ज नाकारले जातात.

दुसऱ्या टोकाला आहेत पैसे घेऊन संशोधन ‘करवून देणाऱ्या’ ऑनलाइन सेवा. प्रोपब्लिका या अमेरिकी शोधपत्रकारिता संस्थेने ‘क्रॉनिकल ऑफ हायर एज्युकेशन’सोबत मे २०२३ मध्ये या धंद्यावर सविस्तर वृत्तांत छापला. अशा सेवांची फी २,५०० ते १०,००० डॉलर, म्हणजे साधारण दोन लाखांपासून आठ लाख रुपयांच्या पुढे असल्याचं त्यात म्हटलं होतं. मुलांचे निबंध जिथे छापले जात होते त्यातली काही नियतकालिकं तर अशा सेवांशीच जोडलेली होती. शिकवणारे आपले, तपासणारे आपले आणि छापणारेही आपलेच!

म्हणजे फी घेणारा प्रत्येक कार्यक्रम फसवा आहे असं नाही. चांगला मार्गदर्शक आठ आठवडे वेळ देणार असेल तर त्याला मोबदला मिळायलाच हवा. मात्र अशा वेळी ही शिकवणी आहे असं समजूनच पैसे द्यावेत. ‘निवड’ हा शब्द डोक्यातून काढून टाकावा.

विद्यापीठाच्या नावाचाही घोळ असतो. उन्हाळ्यात नामांकित विद्यापीठांच्या इमारती आणि वसतिगृहं बाहेरच्या कंपन्या भाड्याने घेतात. माहितीपत्रकावर ऐटबाज घुमट दिसतो, पण शिकवणाऱ्यांचा त्या विद्यापीठाशी संबंध असतोच असं नाही. त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या वेबसाइटवर कार्यक्रमाचं नाव सापडतं का, आणि प्रमाणपत्रावर सही कोणाची, एवढं पाहिलं तरी निम्मा उलगडा होतो.

‘पेपर छापला’ म्हणजे नेमकं काय?

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. संशोधनात कुणी निबंध पाठवला की त्या विषयातले दुसरे तज्ज्ञ तो वाचतात, चुका काढतात, बऱ्याचदा परत पाठवतात. याला महिने लागतात. त्यामुळे आठ आठवड्यांत विषय निवडून, वाचन करून, माहिती गोळा करून वर निबंध छापूनही येणार असेल, तर यातली कुठली तरी पायरी गाळली गेली आहे. निबंध एखाद्या खुल्या संग्रहावर ‘प्रीप्रिंट’ म्हणून चढवणं वेगळं. तिथे असं परीक्षण झालेलं नसतं.

शाळकरी मुलांसाठीची प्रामाणिक नियतकालिकं आहेत. हार्वर्डच्या संशोधक विद्यार्थ्यांनी २०११ मध्ये सुरू केलेलं ‘जर्नल ऑफ इमर्जिंग इन्व्हेस्टिगेटर्स’ हे त्यातलं एक. तिथे मुलांच्या निबंधावर शास्त्रज्ञ सूचना देतात, दुरुस्त्या करायला लावतात. इतिहासाची आवड असेल तर १९८७ पासूनचं ‘कॉनकॉर्ड रिव्ह्यू’ आहे, ते शाळकरी मुलांचे इतिहासावरचे दीर्घ निबंध छापतं. दोन्हीकडे मधल्या कुठल्याही एजंटशिवाय निबंध पाठवता येतो.

माझ्या पदवीच्या शेवटच्या वर्षी मी ४० वर्गमित्रांकडून गूगल फॉर्म भरून घेतला आणि त्यावर ‘तरुणाईच्या बातम्या वाचण्याच्या सवयी’ असा प्रबंध ठोकून दिला. मार्क चांगले पडले. पण ते संशोधन नव्हतं, हे आज मी शपथेवर सांगेन. ४० मित्र म्हणजे तरुणाई नव्हे. अकरावीच्या मुलीला हे कुणी समजावून सांगितलं, तर त्या शिकवणीचे पैसे मी वसूल झाले म्हणेन.

प्रवेशासाठी याचा उपयोग होतो का?

भारतात इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला जायचं असेल, तर नाही. जेईई, नीट, एमएचटी-सीईटी, सगळीकडे परीक्षेतले गुण चालतात. आयसरलाही स्वतःची प्रवेश परीक्षा आहे. संशोधनाच्या प्रमाणपत्राला तिथे गुण नाहीत. उलट दिवसाचे दोन-तीन तास त्यात गेले, तर क्लासचा अभ्यास मागे पडतो, हा हिशेब घरात आधीच मोकळेपणाने व्हायला हवा.

अमेरिकेत पदवीला जायचं असेल तर चित्र बदलतं. तिथे गुणांबरोबर मुलाने काय-काय केलं हेही पाहतात. अनेक विद्यापीठं वापरत असलेल्या ‘कॉमन ॲप’ अर्जात अशा १० गोष्टी लिहिता येतात. आरएसआयसारखं नाव तिथे नक्कीच वजनदार ठरतं, पण ते मुळात तिथली निवडच कठीण असल्यामुळे. पैसे भरून मिळणाऱ्या प्रमाणपत्राला तेच वजन येईल असं कुणी सांगत असेल, तर तो सल्ला देत नाहीये, माल विकतोय.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडच्या चांगल्या संधींची जाहिरात फारशी होत नाही.

नववीतल्या मुलांसाठी इस्रोचा ‘युविका’ कार्यक्रम आहे. २०१९ मध्ये सुरू झाला. मे महिन्यात साधारण दोन आठवडे मुलं इस्रोच्या केंद्रात राहतात आणि प्रवासासह खर्च इस्रो करते. निवडीत आठवीचे गुण, प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शन यांच्यासोबत ग्रामीण भागातल्या शाळेत शिकण्यालाही गुण आहेत. ही बाब जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पालकांपर्यंत पोचायला हवी.

पुण्यात ‘आयुका’मध्ये शहरातल्या शाळांमधली मुलं सुट्टीत आठवडाभर तिथल्या शास्त्रज्ञांबरोबर एखाद्या छोट्या प्रकल्पावर काम करतात. संस्थेचे संस्थापक जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगायचे, पोस्टकार्डवर प्रश्न लिहून पाठव, सहीनिशी उत्तर देईन. आधी प्रश्न, मग सही, हा क्रम मला फार आवडतो.

मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात विज्ञान ऑलिम्पियाडची निवड शिबिरं उन्हाळ्यात होतात. हे संशोधन नव्हे, पण प्रयोगशाळेत हात घालायची अशी संधी अकरावी-बारावीत क्वचितच मिळते. गणिताची गोडी असेल तर प्रॉमिसचं भारतीय भावंड बंगळुरूला, आयआयएससीत आहे.

एक गल्लत टाळा. टीआयएफआरचा उन्हाळी कार्यक्रम किंवा तीन विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप यांची नावं फॉरवर्ड्समध्ये फिरतात, पण त्या पदवी शिकणाऱ्यांसाठी आहेत. बारावीत हुकलं म्हणजे संपलं, असं मुळीच नाही.

आणि संशोधनाला पांढरा कोट लागतोच असं कुठे आहे? पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात विद्यार्थ्यांच्या वार्तांकनासाठी वेगळा विभाग आहे. आपल्या गावातला लोहार, बाजार, ऊसतोड यांवर नीट काम केलं, तर संपादक सोबत बसून ते सुधारून घेतात. ‘सीझनवॉच’ या प्रकल्पात घराजवळचं एक झाड निवडून दर आठवड्याला त्याची पालवी, फुलं, फळं यांची नोंद करायची असते. दारातला बहावा यंदा कधी फुलला, याची ती नोंद देशभरातल्या नोंदींमध्ये जाऊन बसते. पैसे लागत नाहीत. चिकाटी लागते, आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते.

मग पैसे भरण्याआधी काय विचारायचं?

मावसबहिणीने त्या कंपनीला एक मेल लिहिला. मार्गदर्शकाचं नाव काय, तो आठवड्यातून किती वेळ आणि एकावेळी किती मुलांना भेटणार? मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचे दोन निबंध वाचायला मिळतील का? निबंध कुठे छापणार, आणि तो नाकारला गेला असं कधी झालंय का? मध्येच सोडलं तर किती पैसे परत?

उत्तर आलं ते फक्त शेवटच्या प्रश्नाचं, की पैसे परत मिळत नाहीत. मार्गदर्शकाचं नाव फी भरल्यावर कळेल, असंही त्यात होतं. काकांनी पैसे भरले नाहीत. ती चार दिवस आमच्याशी बोलली नाही, कारण मैत्रिणीने भरले होते. मैत्रिणीचा अनुभव वाईट नव्हता हेही सांगते. तिला बरं शिकवणारी व्यक्ती मिळाली. निबंध मात्र कुणी वाचल्याचं तिच्या ऐकिवात नाही.

तारखांचं गणित

अमेरिकेतल्या कार्यक्रमांचे अर्ज साधारण डिसेंबर ते मार्चदरम्यान बंद होतात, म्हणजे नेमके आपल्या परीक्षांच्या तोंडावर. शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात आणि ती मागायला दिवाळीनंतर लगेच जावं, कारण जानेवारीनंतर शिक्षकांना मान वर करायला वेळ नसतो. तिथली सुट्टी साधारण जूनपासून ऑगस्टपर्यंत. त्या वेळी आपल्याकडे बारावीचे वर्ग सुरू झालेले असतात, त्यामुळे हजेरीचं काय करायचं ते कॉलेजला आधीच विचारून ठेवा. अमेरिकेबाहेरच्या मुलांसाठी नियमही वेगळे असतात. काही कार्यक्रम फक्त तिथल्या नागरिकांना घेतात, तर आरएसआय काही देशांतली निवड त्या-त्या देशातल्या संस्थांमार्फत करते. अर्जाचं शुल्क भरण्याआधी पात्रतेचं पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि वयाची अट कोणत्या तारखेला मोजतात तेही पाहून घ्या.