न्यू जर्सीतील अपिलीय निकाल : फोनचा पासकोड, उबरचा करार आणि मुलांचा ताबा

न्यू जर्सीत सुपिरिअर कोर्टाच्या निकालावरील अपील त्याच न्यायालयाच्या अपील विभागाकडे जाते. त्याची नोटीस साधारणतः ४५ दिवसांत द्यावी लागते. तेथे दोन किंवा तीन न्यायाधीशांचे पीठ असते. हे पीठ नव्याने साक्षी घेत नाही. कनिष्ठ न्यायालयाच्या कागदपत्रांवरूनच निर्णय देते. त्यावर सात सदस्यांचे राज्य सर्वोच्च न्यायालय आहे. ‘अप्रकाशित’ शिक्का असलेला निकाल पूर्वदाखला म्हणून बंधनकारक नसतो. व्हॉट्सॲपवर फिरणारे निकाल वाचताना हा शिक्का प्रथम पाहावा.

फौजदारी निकालांत ‘स्टेट विरुद्ध अँड्र्यूज’ (ऑगस्ट २०२०) हा महत्त्वाचा. अमली पदार्थांच्या तपासाची माहिती संशयिताला पुरवल्याचा आरोप एका माजी पोलीस अधिकाऱ्यावर होता. त्याच्या दोन आयफोनच्या झडतीचे वॉरंट सरकारकडे होते, पण पासकोड नव्हते. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, असा आरोपीचा बचाव होता. न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तो फेटाळला. पासकोड सांगणे ही साक्षच आहे हे बहुमताने मान्य केले. परंतु फोन त्याचे आहेत आणि पासकोड त्याला ठाऊक आहेत हे सरकारला आधीच माहीत असल्याने त्या साक्षीतून नवे काही उघड होत नाही, असे म्हटले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये संगणकाच्या पासवर्डबाबत नेमका उलट निर्णय दिला होता. म्हणजे डेलावेअर नदी ओलांडली की हक्क बदलतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अँड्र्यूज प्रकरण ऐकण्यास नकार दिल्याने हा भेद कायम आहे.

‘स्टेट विरुद्ध कॅसिडी’ (२०१८) या निकालाने मिडलसेक्स, सॉमरसेटसह पाच काउंट्यांतील मद्यपान तपासणीचे वीस हजारांहून अधिक निष्कर्ष पुरावा म्हणून अग्राह्य ठरले. यंत्रांच्या अंशांकनातील एक टप्पा वगळला गेला होता. न्यू जर्सीत मद्यपान करून गाडी चालवणे हा फौजदारी नव्हे तर वाहतूक कायद्याचा भंग मानला जातो. त्याची सुनावणी ज्यूरीविना म्युनिसिपल कोर्टात होते आणि तेथील शिक्षेवरील अपिलाला २० दिवसांचीच मुदत असते.

दिवाणी निकालांपैकी घराघरांत पोहोचायला हवा तो सप्टेंबर २०२४ चा. मार्च २०२२ मध्ये उबरने जाताना झालेल्या अपघातात एक दांपत्य गंभीर जखमी झाले. त्यांनी कंपनीवर दावा लावला. परंतु पत्नीच्या खात्यावरून उबर ईट्सवर जेवण मागवताना नव्या अटींवर होकार दिला गेला होता. तो आपल्या अल्पवयीन मुलीने दिला, असे त्यांचे म्हणणे होते. कनिष्ठ न्यायालयाने दावा चालू दिला. अपील विभागाने तो निर्णय फिरवून लवादाची अट वैध ठरवली. होकाराचे बटण आईने दाबले की मुलीने, याने फरक पडला नाही. ज्यूरीपुढे जाण्याचा हक्क पिझ्झ्याच्या ऑर्डरबरोबर जावा, हे प्रस्तुत लेखकाला पटत नाही. पण कायदा सध्या तसाच आहे.

मुलांच्या ताब्याबाबत ‘बिस्बिंग’ (२०१७) निकालाने जुना नियम मोडला. पूर्वी मूल मुख्यतः ज्याच्याकडे राहते त्या पालकाने सद्हेतू दाखवला आणि स्थलांतराने मुलाचे नुकसान होणार नाही एवढे सिद्ध केले की राज्याबाहेर जाण्याची परवानगी मिळे. आता दुसऱ्या पालकाचा विरोध असल्यास मुलाचे सर्वोत्तम हित हाच निकष लागतो. भारताने १९८० चा हेग बालअपहरण करार स्वीकारलेला नाही. त्यामुळे घटस्फोटित पालकाने मुलाला सुटीत पुण्याला न्यायचे म्हटले तरी दुसऱ्या बाजूचा वकील प्रथम हाच मुद्दा काढतो. मात्र लेबनॉनसंबंधीच्या ‘अबूझहर’ (२००३) प्रकरणात अपील विभागाने अशा देशांच्या भेटीवर सरसकट बंदी घालण्यास नकार दिला. पालकांचे वर्तन, त्या देशाचा कायदा आणि तेथून मूल परत मिळण्याची शक्यता हे सारे न्यायाधीशाने प्रत्येक प्रकरणात तपासायचे असते.